मुलांसोबत कुणाला ठेवायचं? ओळख, दाखला आणि विचारपूस

बेळगावात वैशाखातली शिवजयंती जवळ आली की लेझमाचा आणि चित्ररथाचा सराव रात्री उशिरापर्यंत चालतो. त्याच सुट्टीत कुठे तालमीत पोरं अंगाला माती लावतात, कुठे विहिरीत पोहायला शिकवतात, कुठे राजहंसगडाची सहल निघते. हे सगळं गल्लीतले तरुण बिनपगारी करतात. अशात कुणीतरी येऊन म्हणतो, "मलाबी पोरांसाठी कायतरी करायचंय." तो दारू सोडलेला असतो, मारामारीच्या केसमधून सुटलेला असतो, नाहीतर लहानपणी घरातच मार खाल्लेला असतो. पंच कमिटीने काय करायचं?

आपल्याकडे पहिला मार्ग ओळखीचा. "आपलाच पोरगा, लहानपणापासून बघितलंय की त्याला." यात पैसा लागत नाही, वेळ लागत नाही, आणि कोण पितो, कोण उधारी बुडवतो हे गल्लीला कागदापेक्षा जास्त ठाऊक असतं. पण मुलांच्या बाबतीत ओळखीवर टेकून राहणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली नोंदलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत दहांपैकी नऊहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचेच असतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षे सांगतात. शिवाय ओळख सगळ्यांना सारखी कुठे मिळते? मोठ्या घरच्या पोराला कुणी विचारत नाही आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला पायरीवरूनच परत पाठवतात.

दुसरा मार्ग पोलिसांच्या दाखल्याचा. कर्नाटकात त्यासाठी सेवा सिंधू या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करता येतो. आपली कितीतरी पोरं कोल्हापूर, पुणे, गोव्याला कामाला राहून आलेली असतात. तो चार वर्षं कोल्हापुरात होता, तर तिथलाही दाखला मागवा. सीमेच्या एकाच बाजूचा कागद अर्धीच गोष्ट सांगेल. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांनी मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांना कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठराविक काळाने करायला सांगितली आहे. तिथे शब्द कर्मचाऱ्यांसाठी आहेत. पण मुलाला विहिरीत उतरवणारा हात पगारी आहे की बिनपगारी, याने मुलाला काय फरक पडतो?

दाखल्याला मर्यादा आहेत, आणि आपल्या भागात एक जास्तीची. इथल्या किती तरी सज्जन माणसांवर सीमा आंदोलनातल्या केसेस आहेत: १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधातल्या लढ्यातल्या, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीतल्या. नुसता केसचा आकडा पाहिला, तर फेरीत घोषणा देणारा आणि बायकोला मारणारा एकाच रांगेत बसतात. म्हणून केस आहे का, एवढ्यावर थांबू नका. कशाची आहे, तिचं काय झालं, हे विचारा. उलट, कुणी तक्रारच केली नाही तर दाखला कोराच येणार. आणि वयाच्या अठराच्या आत केलेल्या चुकीची माहिती मागूच नका. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार ती सहसा पुढच्या आयुष्यात आड येऊ द्यायची नसते, आणि मिटलेल्या प्रकरणाची नोंद पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठी द्यायची नसते.

तिसरा मार्ग समोर बसून विचारण्याचा. हा वेळखाऊ, आणि माझा कल याच्याकडे. दोन जाणती माणसं बसवा, त्यात एक बाई हवी. काय घडलं, कधी, त्यानंतर काय बदललं, आणि हे आणखी कोण सांगू शकेल, एवढं विचारा. मग त्याच्या नात्यात नसलेल्या दोघांना गाठून एकच प्रश्न करा: तुमचं पोरगं रात्रीच्या मुक्कामाला याच्याकडे सोडाल का? उत्तराआधी माणूस किती थांबतो, तेही ऐका. अडचण अशी की ऐकलेलं पोटात ठेवणारी माणसं लागतात. पारावर एकदा बातमी गेली की पुढचा कुणी खरं बोलणार नाही. आणि गोड बोलणारा इथेही फसवू शकतो.

आमच्या मंडळात एकाने स्वतःहून सांगितलं, दारू सुटून दोन वर्षं झालीत, एक मारामारीची केस होती. त्याला आम्ही एक हंगाम ढोलपथकात ज्येष्ठाच्या जोडीने ठेवलं. आज पोरं त्याच्याच हाताखाली शिकतात. त्याच सुमारास कागद स्वच्छ असलेला एकजण रोज एकाच मुलाला गाडीवरून घरी सोडायला लागला. मोठ्याने एकट्या मुलासोबत राहायचं नाही, असा नियम आमच्याकडे होता, म्हणून ते डोळ्यांत आलं. दोनदा सांगूनही थांबला नाही, तेव्हा त्याला मुलांच्या कामातून काढलं. तो नियम नसता तर काय झालं असतं, या विचाराने मला अजूनही झोप लागत नाही.

भूतकाळ सगळ्यांचा एका मापाचा नसतो. मुलावर हात टाकलेला, लैंगिक गुन्हा केलेला माणूस मुलांच्या कामात नको, कितीही वर्षं उलटली तरी. व्यसन असेल तर सुटून किती काळ झाला ते पाहा. आणि जो स्वतःच लहानपणी अत्याचार सोसून आला आहे, त्याला संशयाने बघू नका. सोसलेली बहुतेक माणसं मोठेपणी कुणाला इजा करत नाहीत. रात्रीच्या शिबिरात त्याची जखम उघडी पडू शकते, म्हणून कोणतं काम झेपेल ते त्यालाच विचारा.

एका दिवसाच्या सहलीसाठी ओळख आणि दोन मोठी माणसं पुरतील. पोहणं, कुस्ती, रात्रीचा मुक्काम असेल तर दाखला आणि विचारपूस दोन्ही करा; अध्यक्षांचीही.

मुलाने काही सांगितलं तर ते पंचांत मिटवायचं नाही. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. १०९८ हा मुलांचा मदत क्रमांक तालमीच्या भिंतीवर मुलांच्या उंचीला लिहून ठेवा.

पालक विचारतीलच, "तो कोण, त्याची काय केस होती?" त्यांना मंडळाचे नियम सांगा, सरावाला येऊन बसायला सांगा. त्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मात्र त्याची आहे. ती सांगायची की नाही, हे त्याच्याकडेच राहू द्या.