सूर जागेवर, लय मंद: फॅमिकॉमच्या एका निनावी नकलेचे परीक्षण

पुण्याच्या जुन्या बाजारात ७०० रुपयांना घेतलेल्या या यंत्राच्या खोक्यावर निर्मात्याचे नाव, पत्ता किंवा सन यांपैकी काहीही छापलेले नाही. निन्टेंडोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आणलेल्या फॅमिकॉम या गेम यंत्राची ही परवान्याविना केलेली नक्कल असून, नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या कित्येक घरांत ‘टीव्हीवरचा व्हिडिओ गेम’ म्हणून आले ते याच कुळातले यंत्र होते. ज्याचा निर्माताच अज्ञात आहे, त्याची नोंद स्क्रू काढूनच करावी लागते.

झाकण उघडताच मला मनापासून आनंद झाला. पुढच्या काळातल्या स्वस्त नकलांमध्ये सगळे मंडल (सर्किट) काळ्या रेझिनच्या एका थेंबाखाली दडलेले असते आणि तिथे वाचण्याजोगे काहीच उरत नाही; इथे मात्र तैवानच्या यूएमसी कंपनीच्या यूए६५२७पी आणि यूए६५३८ या दोन स्वतंत्र चिप स्पष्ट दिसतात. पहिली प्रोसेसर आणि ध्वनी सांभाळते, दुसरी चित्र रेखाटते.

या जोडीची खरी करामत वेळेच्या हिशेबात आहे. मूळ फॅमिकॉम सेकंदाला सुमारे ६० चित्रे दाखवतो, तर आपल्याकडच्या पाल (PAL) या प्रसारण पद्धतीच्या टीव्हीला ५० लागतात. निन्टेंडोने युरोपसाठी काढलेल्या यंत्रात प्रोसेसरची गती १.७९ वरून १.६६ मेगाहर्ट्झवर आणली. यूएमसीने ती १.७७ वर राखली आणि प्रत्येक चित्रानंतरचा विराम अशा जागी लांबवला की जपानी कॅसेटींमधली मोजून बसवलेली वेळेची गणिते सहसा बिघडू नयेत. सूर प्रोसेसरच्या गतीवर आणि लय चित्रांच्या संख्येवर ठरते; त्यामुळे सूर जवळजवळ जागेवर राहतात, लय मात्र एक षष्ठांशाने मंदावते. लहानपणी ऐकलेली ‘सुपर मारिओ’ची धून मला आजही याच संथ लयीत आठवते आणि मूळ यंत्रावरची धून घाईची वाटते. ही आठवण चुकीची नसून एका विशिष्ट चिपची आहे, म्हणूनच अशा यंत्रांचे दस्तऐवजीकरण मला महत्त्वाचे वाटते. अशा बऱ्याच नकलांमध्ये २५ आणि ५० टक्क्यांच्या ध्वनितरंगांची (प्रत्येक आवर्तनात तरंग किती वेळ वरच्या पातळीवर राहतो, ते हे टक्के सांगतात) अदलाबदल झालेली असते; ती इथेही आहे, आणि भरीव आवाज त्यामुळे अनुनासिक होतो.

सोबतची ‘९९९९९९९ इन १’ कॅसेट मात्र निव्वळ फसवणूक आहे, कारण तीत मोजून अकरा खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येतात. रिमोटची बटणे कडक झाली आहेत, पण ६० पिनांची खाच उत्तम स्थितीत असून जपानी कॅसेट पहिल्याच प्रयत्नात चालली.

अडॅप्टरवर काहीही लिहिलेले नसल्यामुळे, जोडण्यापूर्वी मीटर लावून व्होल्टेज आणि पिनेची ध्रुवता (धन-ऋण बाजू) अवश्य तपासावी. असे यंत्र मिळाल्यास घेताना झाकण उघडून दाखवण्याचा आग्रह धरावा, आणि दोन चिप दिसल्या तर पुसण्याआधी मंडलाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवावीत, कारण चिपवरची फिकट छपाई कापडाच्या एका फटकाऱ्यानेही जाऊ शकते.