कॅनडातल्या भावाच्या अर्जात एजंटने खोटं पत्र घातलं

माझा धाकटा भाऊ २०१६ पासून ब्रॅम्प्टनला आहे. शिकायला गेला, मग तीन वर्षांचं वर्क परमिट मिळालं, ते संपल्यावर सगळं लटकलं. मुलगी तिथेच जन्मलेली, तिथल्याच शाळेत जाते. म्हणून त्याने मानवतावादी कारणांवरून पीआरचा, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज करायचं ठरवलं. मी मुलुंडला राहते. दादरचा एजंट मीच त्याला गाठून दिला.

एजंट म्हणाला, "ताई, अर्ज दाखल झाला की कुणी त्याला बाहेर काढू शकत नाही." साफ खोटं. नुसत्या अर्जाने हद्दपारी थांबत नाही. पण आम्ही आईची एफडी मोडून ४ लाख दिले, निम्मे रोख. त्या निम्म्याची पावतीही नाही.

या अर्जात माणूस तिथे किती रुजलाय ते पाहतात. नोकरी, भरलेला कर, भाडेकरार, आजूबाजूच्या लोकांत, संस्थांत केलेलं काम. शिवाय मुलांचं हित आणि परत पाठवलं तर होणारे हाल. भावाकडे हे सगळं खरंखुरं होतं! कराच्या नोटिसा, म्हणजे दरवर्षीचा कर ठरल्याची सरकारी पत्रं, त्याने जपून ठेवल्या होत्या, गणपतीत मराठी मंडळात दरवर्षी राबायचा, भाचीची प्रगतिपुस्तकं होती. एजंटने यातलं काहीच मागितलं नाही. त्याने एका रेस्टॉरंटचं नोकरीचं पत्र स्वतःच बनवून जोडलं. भावाने तिथे एक दिवसही काम केलेलं नाही.

कॅनडातून खुलासा मागणारं पत्र आलं तेव्हा आम्हाला हे कळलं. खोटेपणा ठरला तर तिथल्या कायद्याच्या कलम ४० खाली ५ वर्षं प्रवेश बंद. अर्जावर सही भावाची. एजंटचं नाव कुठेच नाही, कारण प्रतिनिधी नेमल्याचा फॉर्म त्याने भरलाच नव्हता. तुमचा एजंट हा फॉर्म टाळत असेल तर तिथूनच उठा. पैसे घेऊन हे काम तिथले वकील किंवा इमिग्रेशन सल्लागारांच्या कॉलेजचे (शिकायचं कॉलेज नव्हे, परवाने देणारी संस्था) परवानाधारक अशा मोजक्यांनाच करता येतं. त्या कॉलेजची यादी नेटवर सर्वांना खुली आहे. मी भिंतीवरच्या फ्रेम बघून विश्वास ठेवला.

एजंट आता फोन उचलत नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे. भावाने तिथली वकील केली आहे आणि खुलाशासोबत ती आता त्याच कराच्या नोटिसा, मंडळाचं पत्र आणि भाचीच्या बाईंचं पत्र जोडतेय.