क्रिप्टोकॉकस: इम्युनिटी कमी असताना आणि धडधाकट असताना

क्रिप्टोकॉकस ही बुरशी श्वासावाटे फुप्फुसातच जाते, पण पुढे काय होणार ते माणसावर ठरतं. एचआयव्हीत सीडी४ (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १०० च्या खाली गेले की ती मेंदूच्या आवरणापर्यंत पोचते, शरीर नीट लढत नाही म्हणून मान आखडेलच असं नाही, कधी नुसतं आठवडेच्या आठवडे डोकं दुखतं, आणि पाठीतलं पाणी तपासलं तर काळ्या शाईत पांढरं वलय असलेल्या गोल पेशीच पेशी. धडधाकट माणसालाही, विशेषतः गॅटी जातीची बुरशी धरते, तिथे शरीर झुंजतं, फुप्फुसात किंवा मेंदूत गाठ होते, ती टीबी नाहीतर कॅन्सर वाटते, बुरशीची शंकाच येत नाही, मला हा उशीरच फार घातक वाटतो. मेंदूपर्यंत गेलं की दोघांनाही औषधं साधारण तीच, फक्त एचआयव्हीत एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) ४ ते ६ आठवडे थांबून सुरू करतात.