कोअर शॉपसाठी घेतलेला फुल फेस मास्क, चार महिने वापरून

मी नागपूरजवळ बुटीबोरीकडच्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, कोल्ड बॉक्स मशीनवर आहे. ओतकामाच्या साच्यात पोकळी राहावी म्हणून वाळूचा जो गाभा ठेवतात तो कोअर, तो या मशीनवर न तापवता बनतो. रेझिन (चिकट राळ) लावलेली वाळू बॉक्समध्ये भरली की त्यात ट्रायएथिल अमाईनची वाफ सोडतात, काही सेकंदांत कोअर दगडासारखा कडक होतो. वास सडक्या मासोळीचा. पण थोड्या वेळानं नाकाला सवय होते आणि अमाईन गेलं असं वाटतं. ते गेलेलं नसतं.

मागच्या मे महिन्यात बॉक्सचं सील झिजलं होतं. सेकंड शिफ्ट सुटून मोटरसायकलनं गावाकडं निघालो, तर चंद्राला पडतं तसं खळं प्रत्येक ट्रकच्या लाईटभोवती, अन् सगळा रस्ता निळसर धुक्यात. ऐन उन्हाळ्यात धुकं कुठलं? दोनदा गाडी बाजूला लावली. घरी बायको म्हणे, "अवो, डोये काहून चोळून राहिले जी?" सकाळी दिसायला लागलं. मग सुपरवायझरकडून एमएसडीएस, म्हणजे त्या रसायनाचा सुरक्षा-माहितीचा कागद, मागून वाचला. या वाफेनं डोळ्याच्या कॉर्नियाला, म्हणजे पुढच्या पारदर्शक पडद्याला, सूज येते, त्यानं असं दिसतं. आठ तासांची सरासरी मर्यादा अमेरिकेच्या कायद्यात २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग), युरोपात २, आणि एसीजीआयएच या अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्य तज्ज्ञांच्या संस्थेची शिफारस फक्त ०.५, तीही नजरेचा विचार करून.

तेव्हा माझ्या तोंडावर हाफ मास्क होता. नाक झाकलेलं, डोळे उघडे! म्हणून इतवारीतून हा फुल फेस घेतला, साडेचार हजारांत. दुकानदार आधी धुळीचा मास्क दाखवत होता. तो वाफ अडवत नाही, कोणी कितीही सांगो. कार्ट्रिज, म्हणजे मास्कला लावायची वाफ शोषणारी डबी, एबीईके प्रकारची (चार प्रकारच्या वायू-वाफांसाठीची) घेतली, तपकिरी, राखाडी, पिवळा, हिरवा असे चार पट्टे असलेली. हिरवा पट्टा अमोनिया आणि अमाईनसाठी असतो, तो बघूनच घ्या.

चार महिन्यांत तसं खळं एकदाही दिसलं नाही. काच मोठी आहे, बाजूचा माणूस दिसतो. मास्कची कड चेहऱ्यावर चांगली बसते. कार्ट्रिजवर तळवे दाबून श्वास ओढला की मास्क गालाला चिकटतो, हे मी रोज करतो. दाढी मात्र रोज करावी लागते, एका दिवसाच्या खुंटांनीही हवा शिरते. चष्मेवाल्यांनी काडी चालेल असं समजू नये, आत बसवायची वेगळी फ्रेम मागावी.

त्रास उन्हाळ्याचा. ४५ डिग्रीत हनुवटीखाली घामाचं पाणी साचतं, अर्ध्या तासानं बाहेर येऊन पुसावंच लागतं. मागचा रबरी पट्टा दुसऱ्याच महिन्यात सैल पडला, दुकानदारानं बदलून दिला पण दोन चकरा मारायला लावल्या. कार्ट्रिज सुटीत झिपच्या पिशवीत बंद ठेवतो, आणि वास यायची वाट न पाहता ठरल्या तारखेला बदलतो.

मास्क आला तरी बॉक्सचं सील, एक्झॉस्ट अन् स्क्रबरचं (ओढलेली वाफ धुऊन काढणाऱ्या यंत्राचं) काम कंपनीचंच आहे. आमच्याकडे सील बदललं, पण आम्ही चौघं मिळून तीनदा बोललो तेव्हा. मास्कला ५ पैकी ४. माझ्या हेल्परसाठी दुसरा सांगून ठेवलाय, त्याचा चेहरा लहान आहे, म्हणून मिडियम साईज.