फुकटचा इंग्रजी वर्ग आणि एकोणीस वर्षांचे वडीलधारे

टोकियोच्या एदोगावा भागात, निशी-कासाई स्थानकाच्या आसपास राहणाऱ्या मराठी बाईला इंग्रजीचा वर्ग शोधावा लागतो, याचे कोणाला नवल वाटेल. पण माझी शाळा बार्शीची आणि मराठी माध्यमाची. मुलगा येथील भारतीय शाळेत जाऊ लागला आणि पालकसभेत तोंड उघडण्याची वेळ आली, तेव्हा माझी पंचाईत झाली. समोरच्याचे बोलणे सगळे कळते. उत्तर मात्र आधी मनात मराठीत तयार होते आणि ते इंग्रजीत उतरेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. एका खासगी संस्थेत पैसे भरून पाहिले, तर तासाभरात माझ्या वाट्याला जेमतेम चार वाक्ये येत. त्यानंतर टपालपेटीत एक पत्रक आले: ‘एइकाइवा’, म्हणजे इंग्रजी संभाषण, शुल्क नाही. तळाशी चर्चचे नाव स्पष्ट छापलेले होते, ते लेटर-डे सेंट्स चर्चचे, म्हणजे ज्या अमेरिकी ख्रिस्ती पंथाला आपण मॉर्मन म्हणतो त्याचे. (हा शब्द वापरू नये, असा चर्चच्या नेतृत्वाचा 2018 पासून आग्रह आहे, वाचकांच्या ओळखीचा म्हणून मी तो ठेवला आहे.) जपानमध्ये 2022 साली माजी पंतप्रधान शिंजो आबे यांची हत्या झाली आणि तिच्यामागे एका धार्मिक संघटनेवरचा राग होता, तेव्हापासून अशा संघटनांविषयी लोक फार सावध झाले आहेत, त्यामुळे ही छपाई मला महत्त्वाची वाटली. आत कोण आहे हे दारातच कळलेले बरे.

वर्ग आठवड्यातून एकदा, सायंकाळी तासभर, प्रार्थनागृहाच्या एका खोलीत भरतो. इमारतीवर क्रूस नसतो, त्यामुळे पहिल्या दिवशी मी तिच्यासमोरून दोनदा निघून गेले. घडीच्या खुर्च्या, एक पांढरा फळा आणि तीन गट: नवशिके, मधले आणि बऱ्यापैकी बोलणारे. माझ्या गटात दोन निवृत्त जपानी गृहस्थ, एक आजी आणि एक परिचारिका आहे.

शिकवणारे म्हणजे पांढरा सदरा, टाय, छातीवर काळी नावपट्टी आणि डोक्यावर हेल्मेट घालून सायकलवर जोडीने फिरणारे मिशनरी. पुरुष मिशनऱ्याला इंग्रजीत ‘एल्डर’ आणि जपानीत ‘चोरो’ म्हणतात. दोन्हींचा अर्थ ज्येष्ठ, वडीलधारा. आडनावाला ‘चोरो’ जोडून हाक मारताना मराठी कानाला भलतेच काही ऐकू येते, आणि ज्याला हाक मारायची तो वडीलधारा अवघ्या एकोणीस वर्षांचा! ही मुले दोन वर्षांसाठी येतात, मुली दीड वर्षासाठी. कोणत्या देशात जायचे हे त्यांच्या हाती नसते; मुख्यालयाकडून पत्र येते तेव्हाच कळते. पगार नाही, उलट खर्चाचा वाटा ते स्वतः किंवा त्यांचे कुटुंब उचलते. युटा राज्यातील प्रोवो येथील प्रशिक्षण केंद्रात सुमारे नऊ आठवडे जपानी शिकवून त्यांना विमानात बसवतात. घरच्यांशी फोनवर बोलायला पूर्वी वर्षातून दोनदाच मुभा असे. ती 2019 पासून आठवड्यातून एकदा झाली आहे. माझ्या पहिल्या शिक्षकाने हे सांगितले तेव्हा मला त्याच्यापेक्षा त्याच्या आईची काळजी वाटली.

आता शिकवण्याविषयी. ही मुले प्रशिक्षित शिक्षक नाहीत आणि ते लपून राहत नाही. ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांत नेमका फरक काय, असे मी विचारले, तर कोणते वाक्य बरोबर ते त्याने क्षणात सांगितले. का बरोबर, ते त्याला सांगता येईना. व्याकरण पक्के करायचे असेल तर येथे येऊ नये. पण माझी अडचण व्याकरणाची नव्हती, जीभ मोकळी होण्याची होती. मुलाच्या आजारपणाविषयी बोलताना मी ‘फीवर हॅज कम टू हिम’ असे आपल्या मराठी वळणाचे वाक्य बोलून गेले. शिक्षक हसला नाही. मला तीनदा बरोबर वाक्य म्हणायला लावून त्याने विचारले, की तुमच्या भाषेत ताप खरोखर पाहुण्यासारखा ‘येतो’ का? पुढची दहा मिनिटे आपल्याकडे काय काय येते, यावर मी इंग्रजीत बोलत होते: ताप, राग, कंटाळा, आठवण. खासगी संस्थेत महिनाभरात मी एवढे बोलले नव्हते.

या वर्गाचे खरे बळ माझ्या मते दुसरीकडेच आहे. शिकवणारा स्वतः परक्या भाषेत रोज ठेचकाळत असतो. एकदा नव्याने आलेल्या आजींना ‘बसा’ म्हणताना त्याने ‘सुवात्ते’ऐवजी ‘सावात्ते’ म्हटले, म्हणजे खुर्चीला हात लावा. आजींनी अत्यंत गंभीरपणे खुर्चीला हात लावला आणि पुढील सूचनेची वाट पाहत उभ्या राहिल्या. सारा वर्ग हसला, तो कानापर्यंत लाल झाला, आणि त्या दिवशी आमच्यापैकी कोणीही चुकायला घाबरले नाही. पगारी शिक्षक हे देऊ शकत नाही.

उणिवा आहेत. मिशनऱ्यांच्या नेमणुका साधारण दर सहा आठवड्यांनी बदलतात, त्यामुळे घडी बसते न बसते तोच शिक्षक दुसऱ्या गावी जातो. आठ महिन्यांत मी पाच जण पाहिले. त्यांपैकी दोघे मनापासून शिकवणारे, दोघे बरे, आणि एक स्वतःच इतका लाजाळू की आम्हीच त्याला बोलते करीत होतो. शेवटची दहा मिनिटे धर्माविषयी असतात: एखादे वचन, छोटी प्रार्थना आणि रविवारच्या सभेचे आमंत्रण. त्याआधी उठून गेले तरी कोणी अडवत नाही. मी थांबते, ऐकते आणि नम्रपणे नकार देते. मात्र जोडी बदलली की आमंत्रण नव्याने येते आणि नकारही नव्याने द्यावा लागतो, याची तयारी ठेवावी.

चहाचे सांगायला हवे. एका सायंकाळी मी थर्मास भरून आल्याचा चहा आणि डबाभर चिवडा नेला. चिवडा पाच मिनिटांत संपला, चहाला मात्र दोघांनीही हात लावला नाही. शेजारच्या गृहस्थांनी मला हळूच समजावले, की यांना चहा, कॉफी आणि मद्य तिन्ही वर्ज्य असून जपानी हिरवा चहासुद्धा त्यात येतो. जवाचा ‘मुगिचा’ चालतो. घरी आलेल्याने चहा नाकारला तर आपल्याकडे रुसवा धरतात, आणि येथे ही मुले घरोघरी हिरव्या चहाला नाही म्हणत फिरतात. याच गृहस्थांना केंट गिल्बर्ट आणि केंट डेरिकॉट चांगले आठवतात. हे दोघे अमेरिकेतून मिशनरी म्हणून आले आणि पुढे 1980 च्या दशकात जपानी दूरचित्रवाणीवर अस्खलित जपानी बोलत घरोघरी पोहोचले. त्यामुळे खुर्चीला हात लावायला सांगणाऱ्या आमच्या चोरोकडूनही त्यांना मोठ्या आशा आहेत.

पाचपैकी मी साडेतीन गुण देईन. दीड गुण व्याकरणाचा आणि दर सहा आठवड्यांच्या निरोपांचा कापला आहे. जायचे असल्यास बदलीच्या आठवड्यात आधी चौकशी करावी, वही न्यावी आणि खाऊ न्यायचा असेल तर सोबत कोकम सरबत न्यावे. ते त्यांना चालते, आणि मागूनही घेतात.