पेल्व्हिसचं मॉडेल: स्नायू झकास, फॅशिया गायब

नागपूरच्या मेडिकल चौकात फर्स्ट इयरच्या पोरांना बोन सेटसोबत पुरुषाच्या पेल्व्हिसचं, म्हणजे ओटीपोटाखालच्या हाडांच्या कड्याचं, जे मॉडेल हमखास गळ्यात मारलं जातं, त्याबद्दल हे. पीव्हीसीचं, खऱ्या मापाचं, मधोमध उभं कापलेलं. मूत्राशय, प्रोस्टेट आणि मलाशय चुंबकावर बसतात, सुटे निघतात.

आधी जमलेलं सांगू. लिव्हेटर एनाय, म्हणजे पेल्व्हिसचा तळ धरणारा स्नायू, अगदी मन लावून केलाय. त्याचाच भाग असलेला प्युबोरेक्टालिस पुढच्या हाडाच्या, प्युबिसच्या, मागून निघतो, मलाशयाला मागून गोफणीसारखा वेढा घालतो आणि पुन्हा पुढे येतो. बोट फिरवलं की वेढा हाताला लागतो, आणि मलाशय तिथे जवळजवळ काटकोनात मागे का वळतं ते आपोआप कळतं. बाजूच्या ऑब्च्युरेटर स्नायूवरच्या फॅशियावरची (फॅशिया म्हणजे अवयव-स्नायूंवरचा तंतूंचा पातळ पडदा) पांढरी कमानही कोरलेली आहे. पट्टी लावून पाहा: मलाशय संपतं ती जागा माकडहाडाच्या टोकापुढे २ ते ३ सेंमीवर यायला हवी, तशी येते. पेरिनियल बॉडीची, म्हणजे गुदद्वारापुढे स्नायू एकत्र येतात तिथली, गाठही जागेवर आहे. स्नायूंना पैकीच्या पैकी.

आता मलाशय जागेवर ठेवून त्याच्या आणि सेक्रमच्या (माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाच्या) मध्ये बोट घाला. आरपार जातं. घोळ इथेच आहे. शरीरात तिथे पोकळी नसते. मलाशयाच्या मागे मेसोरेक्टम, म्हणजे त्याला लपेटणारी चरबी असते, तिच्यात सुपीरियर रेक्टल रक्तवाहिन्या आणि लिम्फ नोड, आणि त्या सगळ्याभोवती पातळ आवरण. त्याच्या मागे भुसभुशीत पदर, आणि मग सेक्रमला लागून प्रिसेक्रल फॅशिया. त्याच्याखाली शिरांचं जाळं. वाल्डायरचा फॅशिया सेक्रमच्या खालच्या भागापासून पुढे-खाली उतरून मलाशयाच्या शेवटाजवळ चिकटतो. यातलं काहीच नसल्यामुळे मॉडेल बघणाऱ्याला वाटतं, मलाशय म्हणजे लिव्हेटरच्या पाटावर ठेवलेला गडवा.

फरक नुसता व्हायव्हाच्या (तोंडी परीक्षेच्या) मार्कांचा नाही. ब्रिटिश सर्जन हील्ड आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मेसोरेक्टमवर लिहिलं, तेव्हापासून मलाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन मेसोरेक्टमचं आवरण आणि प्रिसेक्रल फॅशिया यांच्या मधूनच चालतं. कात्री मागे भरकटली की शिरा फुटतात, आणि हाडात आखडलेल्या शिरेचं रक्त थांबवता थांबवत नाही. पुढे भरकटली तर नोड आतच राहतात.

बाजूचे लॅटरल लिगामेंट म्हणजे इथे कडक प्लास्टिकच्या दोन खुंट्या, वर लाल रंगाची धमनी. खरं तर ते दाटलेले तंतू, त्यांत पेल्व्हिक प्लेक्ससच्या (नसांच्या जाळ्याच्या) फांद्या. मिडल रेक्टल धमनी तर प्रत्येकात सापडेलच असं नाही. सगळ्यांत आधी मोडतात त्या याच खुंट्या. पुढच्या बाजूला, प्रोस्टेट आणि सेमिनल व्हेसिकलच्या (वीर्याच्या पिशव्यांच्या) मागे, डेननव्हिलिएचा फॅशिया, म्हणजे मलाशयापुढचा पडदा हवा. तिथे दिसते ती गोंदाची रेघ.

मॉडेल घेऊन बसला असाल तर डागडुजी घरी जमते. आधी निळ्या लोकरीचे धागे सेक्रमवर आडवे-उभे चिकटवा, त्या शिरा. त्यांच्यावर रुंद सेलोटेप, तो प्रिसेक्रल फॅशिया. पिवळी क्ले मलाशयाच्या मागे दीड-दोन सेंमी जाड, बाजूंना कमी, पुढे नावापुरती; खाली उतरताना निमुळती करत लिव्हेटरच्या जरा वर संपवा. सगळीकडे सारखी थापली की मेसोरेक्टमचा आकारच जातो. त्यावर क्लिंग फिल्मचा एकच वेढा, ते आवरण. दोन घेतले तर मलाशय चुंबकावर बसत नाही. सेलोटेपच्या खालच्या टोकापासून बँडेजची पट्टी पुढे आणून मलाशयाच्या शेवटाजवळ टेकवली की वाल्डायर झाला. प्रोस्टेटमागे बटर पेपरचा तुकडा पुरे.

नागपूरचा मे सोसेल अशी ही वस्तू नाही. पत्र्याच्या खोलीत क्लेचं तेल सुटून पीव्हीसीवर पिवळे डाग पडतात, चुंबकांचा गोंद सैल होतो. क्ले काढून ठेवा, आणि सुटलेलं चुंबक दोन नळ्यांच्या इपॉक्सीने बसवा.

दुकानात तीन गोष्टी बघूनच पैसे काढा. एक, मलाशयावर टीनियाच्या, म्हणजे मोठ्या आतड्यावरच्या उभ्या स्नायूंच्या, पट्ट्या रंगवल्या असतील तर रंगाऱ्याने मलाशयाच्या वरचा आतड्याचा भाग, सिग्मॉइडच खाली ओढलाय. त्या पट्ट्या मलाशय सुरू होताना पसरून नाहीशा होतात. दोन, मलाशयाचे तीन बाक: वरचा आणि खालचा उजवीकडे फुगलेला, मधला डावीकडे. तीन, दोरा लावून गुदद्वारापासून पेरिटोनियमच्या (पोटाच्या आतल्या अस्तराच्या) मलाशयापुढच्या घडीपर्यंत मोजा. पुरुषात साधारण ७.५ सेंमी, स्त्रीत ५.५. दुकानदार जोडीला स्त्रीचं मॉडेल दाखवेल, त्यालाही तोच दोरा लावा. तिथेही साडेसात भरले, तर पुरुषाच्याच साच्यात गर्भाशय बसवून विकायला ठेवलंय.