सातबारा: तलाठ्याकडचा की मोबाइलवरचा?

पीककर्ज असो वा पीकविमा, सातबारा लागतोच. पूर्वी तो फक्त तलाठ्याकडे मिळायचा. एका तलाठ्याकडे अनेक गावं, त्यामुळे तो भेटेल तेव्हा काम. शेतमजुरी बुडवून चकरा मारणाऱ्या बाईला हे परवडत नसे.

1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला. ऑनलाइन 15 रुपये भरले की उतारा हातात, आणि तो सरकारी कामांना चालतो. सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर फुकट दिसणारा उतारा मात्र फक्त माहितीसाठी असतो; हा फरक न कळल्यानं कितीतरी लोक बँकेतून परत येतात. मिळण्याच्या सोयीत ऑनलाइन उतारा सरळ सरस आहे, यात मला शंका नाही.

पण चूक झाली तर? हस्तलिखित उताऱ्यांवरून संगणकीकरण करताना कुठे नाव चुकलं, कुठे क्षेत्र बदललं. मोबाइल ती चूक दाखवतो, दुरुस्त करत नाही. लेखनातली चूक असेल तर महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे अर्ज करावाच लागतो. तिथे गाव ओळखणारा, बांध पाहिलेला तलाठीच कामी येतो.

पीकनोंदीचंही तसंच. 2021 पासून ई-पीक पाहणी या मोबाइल अॅपवर शेतकरी स्वतः शेतात उभं राहून फोटो टाकतो. हा हक्क मोलाचा आहे, पण डोंगराळ भागात रेंज नाही आणि म्हाताऱ्या माणसाकडे स्मार्टफोन नाही.

म्हणून उतारा मोबाइलवरून काढा, पण घरातल्या जुन्या हस्तलिखित उताऱ्याशी गट क्रमांक, क्षेत्र आणि नावं ताडून बघा. तो जुना कागद टाकू नका.